बघणाऱ्यांना खुर्च्या नाहीत

११ जानेवारी

टाचणी,

फोनवर तू नुसता ओरडतोस, असं म्हणालीस. लिहिताना कुणाला ओरडता येत नाही, तेव्हा काय सांगायचंय ते पत्रात सांग, असंही म्हणालीस आणि माझा नंबर बंद करून टाकलास. ठीक आहे. हे घे पत्र. आणि लिहितानाही ओरडता येतं!!! आलं ऐकायला?

उद्गारचिन्हं खोडणार होतो. राहू देत.

मी कुठे आहे हे तू विचारलेलं नाहीस, तरी सांगतो. फॅशन शो उभे करणाऱ्या एका कंपनीत लागलोय. उभे करणाऱ्या म्हणजे अक्षरशः. फळ्या ठोकायच्या, पडदे टांगायचे, दिवे चढवायचे, खुर्च्या मांडायच्या, आणि सगळं संपलं की हेच उलटं करत यायचं. राहायला गोदामाच्या वरची खोली. खिडकी उघडली की समोर दुसऱ्या गोदामाची भिंत, म्हणजे लक्ष उडायला काहीच नाही. तरी उडतं. कशाने ते लिहीत नाही, तू पत्र फाडशील.

मालकीणबाईंना सगळे शिट्टीकाकू म्हणतात. केस माझ्यापेक्षा बारीक कापलेले आणि गळ्यात शिट्टी. ती वाजली की दिवे लागतात, गाणं सुरू होतं, मुली चालायला लागतात. पहिल्याच दिवशी मला विचारलं, "कॉलेज का सोडलं?"

मी म्हटलं, "तत्त्वाचा प्रश्न होता."

त्या म्हणाल्या, "बरं. मुलगी काय करते?"

असो. आपल्याला कॉलेजात शो म्हणजे रॅम्प, रॅम्प म्हणजे शो असं शिकवलं ना? साफ खोटं. रॅम्प हा शोचा एक प्रकार आहे, जसं मोठ्याने बोलणं हा बोलण्याचा एक प्रकार आहे. (माहितीये, माहितीये. हसू नकोस.) काल आम्ही एक मोठा रॅम्प लावला. लांबच्या लांब पांढरी पट्टी, दोन्ही बाजूंना खुर्च्या, आणि पुढच्या ओळीत कोण बसणार यावरून चांगल्या घरच्या माणसांची खडाजंगी. कपडा येतो, टोकाला थबकतो, वळतो, जातो. तुम्हाला तेवढ्यात जांभई आली तर तो गेला. रॅम्पचं म्हणणं एवढंच, की मला थांबायला वेळ नाही, जमलं तर मागे या. ज्या कपड्याला उडवायला घेर आहे, त्याचं तिथे फावतं.

मी पडद्याच्या फटीतून बघत होतो आणि तुझा तो करडा शर्ट आठवला. कॉलेजातल्या त्या चाचणीला तो घालून ती उंच मुलगी चालत आली, आणि आपल्या विभागप्रमुख इस्त्रीबाई (अंगावर कधी एक चुणी दिसेल तर शपथ!) सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हे पोतं कुणाचं?"

त्यानंतर मी जे बोललो त्यातलं एक अक्षर मागे घेणार नाही. कॉलेज सोडलं तेही तुझ्यासाठी नाही, हे तुझ्या मैत्रिणींना सांग. मला तिथे श्वास घेता येत नव्हता म्हणून सोडलं. तू माझ्याकडे न बघता खाली बसून टाचण्या गोळा करत होतीस, तेवढं मात्र डोळ्यांसमोरून जात नाही.

एप्रिलमधल्या शेवटच्या शोला काय करणार आहेस?

तुझा (हा शब्द नको असेल तर खोड),
काडेपेटी


२ फेब्रुवारी

टाचणी,

उत्तर आलं! पाकीट फोडताना आतलं पत्रही फाटलं, चिकटवून वाचलं. पुन्हा वाचलं. आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"मागची लांबी कापून पुढच्याइतकी करतेय, म्हणजे चालताना बरं दिसेल." हे तू लिहिलंस? तू? अगं, तुझे बाबा दिवसभर बस चालवतात, पुढे वाकले की शर्ट मागून सुटतो, पट्टा पोटात रुततो, घरी आले की आधी शर्ट ओढत बसतात, म्हणून तर तू मागचा भाग लांब ठेवलास आणि पुढचा आखूड! पँटची कंबर मागून चढवलीस! बसून काम करणाऱ्या माणसांचे कपडे शिवणार, असं तूच मला कॅंटीनच्या टेबलावर टाचण्या मांडून समजावलं होतंस. ते कापल्यावर उरेल काय? साधा शर्ट. साधे शर्ट दुकानात ढिगाने मिळतात!

थांब. पाणी पिऊन आलो.

आता शांतपणे सांगतो. परवा आम्ही पुतळ्यांचा शो केला. म्हणजे त्याचं नाव काहीतरी भारदस्त आहे, पण कंपनीत सगळे पुतळ्यांचा शोच म्हणतात. यात कुणी चालत नाही. मुली लाकडी खोक्यांवर उभ्या राहतात आणि पाहुणे हातात पेला घेऊन त्यांच्या भोवती फिरतात. पुढून बघा, मागून बघा, वाकून शिलाई बघा, कुणी काही म्हणत नाही. रॅम्पवर वेळ कपड्याच्या ताब्यात असतो, इथे बघणाऱ्याच्या. कपडा म्हणतो, मी कुठे जात नाही, सावकाश बघा.

एका खोक्यावर निळ्या झग्यातली मुलगी होती. झगा असा, की बघणारे तिथेच रेंगाळत होते. पण उभं राहून राहून तिच्या पायांचं पार भुसकट झालं असणार. पाहुणे जरा पांगले तशी ती हळूच खोक्याच्या कडेला टेकली. टेकल्याबरोबर गळा वर सरकून हनुवटीला लागला, पोटाशी सगळं कापड गोळा झालं, आणि त्या राजकन्येचं क्षणात कासव झालं. लोक हसले. ती बिचारीही हसली. शिट्टीकाकू लांबून ओरडल्या, "ऊठ गं बाई, उभ्याने घालायचा कपडा आहे तो!"

मी हातातली खुर्ची तशीच धरून उभा राहिलो. उभ्याने घालायचा कपडा घालून कुणी बसलं तर त्याचं कासव होतं. मग बसून घालायचा कपडा चालवला तर त्याचं पोतं होणारच की! शर्ट चुकलेला नाही, टाचणी. शो चुकलाय. रॅम्पवर तू कितीही कापलंस तरी तो त्यांचाच राहणार. तुझ्या मुलींना चालवू नकोस, खुर्चीत बसव.

कात्री कपाटात टाक आणि किल्ली शेजाऱ्यांकडे दे. मी इथून काय करता येतंय ते बघतो.

काडेपेटी


१९ फेब्रुवारी

टाचणी,

मी ओरडलो असं कोण म्हणालं? इस्त्रीबाईंना मी फक्त विचारायला फोन केला होता. आवाज थोडा चढला असेल. गोदामात पत्र्यामुळे घुमतो.

त्यांनी विचारलं, "तिचं जे काही म्हणणं आहे ते तिला सांगता येतं ना?" मी म्हटलं, "ती सांगणार नाही, म्हणून मी सांगतोय." त्यांनी फोन ठेवला. एवढंच झालं. बरं, 'इस्त्रीने कधीतरी स्वतःच्या मनालाही इस्त्री करावी' असंही मी म्हणालो, पण ते त्यांनी ऐकलं असेल असं मला वाटत नव्हतं.

ऐकलं म्हणतेस. असेल.

"आता बाईंना वाटतंय की मीच तुला पुढे केलं. मला एप्रिलपर्यंत रोज त्यांच्या समोर बसायचंय, तुला नाही. लिहायचं तर लिही, मी उत्तर देईन तेव्हा देईन." तुझी ही तीन वाक्यं पाठ झालीत.

परवाचं एक सांगतो, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. बैठकीचा शो होता. एका दुकानाच्या वरच्या मजल्यावरची खोली, मोजक्या खुर्च्या, मधली वाट इतकी चिंचोळी की येणाऱ्या मुलीचा काठ तुमच्या गुडघ्याला घासून जातो. गाणं नाही, दिव्यांची नाटकं नाहीत. जिने कपडे शिवलेत ती बाई स्वतः दाराशी उभी राहून एकेक कपडा सांगते, कापड कोणतं, खिसा कुठे लपवलाय. लोक बाही उलटी करून बघतात. रॅम्पवर शेवटी टाळ्या पडतात, इथे सुरुवातीपासून प्रश्न पडतात. म्हणूनच तो छोट्या खोलीत करायचा असतो. पटकन विचारता आलं पाहिजे, आणि उत्तर देताना घसा ताणावा लागता कामा नये.

जाड भिंगांच्या एक बाई एका जाकिटाची बाही चाचपून म्हणाल्या, "हे काखेत काचेल."

मी मागे खुर्च्यांपाशी उभा. म्हटलं, "काचणार नाही!"

सगळी खोली वळून माझ्याकडे बघायला लागली. मी जाकीट घालून बघितलेलं नव्हतं, शिवलेलं तर नव्हतंच. पण तोंडातून निघून गेलं. शिवणारी बाई शांतपणे म्हणाली, "काचेल. बरोबर बोलताय. मापाला याल तेव्हा दोन बोटं सोडते." जाड भिंगांच्या बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी तेच जाकीट घेतलं.

शिट्टीकाकूंनी मला कॉलरला धरून जिन्यात नेलं.

"कपडा तिचा. मग तोंड तुझं का?"

"मी तिची बाजू घेत होतो."

"तिने मागितली होती?"

त्या वर गेल्या. मी तिथेच पायरीवर बसून खिशातलं तुझं पत्र काढलं. त्यातही तेच लिहिलेलं होतं, फक्त कॉलर न धरता.

संबंध नाही म्हणालो होतो, तो निघाला.

मी


८ मार्च

टाचणी,

हे पत्र नीट बघ. यात एकही उद्गारचिन्ह असणार नाही.

तुझं उत्तर आलेलं नाही, आणि मी त्याबद्दल काही म्हणत नाहीये. शेवटच्या शोत काय करावं तेही सुचवत नाहीये. कात्रीबद्दल विचारलेलं नाही असं समज. आई फोनवर विचारते की डिग्रीचं काय, तिलाही मी हल्ली 'बघतो' म्हणतो आणि खरंच बघतो. शिट्टीकाकू म्हणतात, राहिलेलं वर्ष कर, खुर्च्या कुठे पळून जात नाहीत.

त्यांनी मला नवीन काम दिलंय. शो मांडून झाला की प्रत्येक खुर्चीत जाऊन बसायचं आणि तिथून काय दिसतं ते बघून यायचं. पहिल्या ओळीत गुडघे आणि बूट दिसतात. मधून सगळं दिसतं, पण पुढच्याच्या केसांतून. परवा मागच्या ओळीत अगदी कोपऱ्यात बसलो तर समोर खांब. कपडा दिसेना. नुसता ऐकू आला. एक मुलगी चालण्याचा सराव करत होती, तिच्या परकराची सळसळ खांबाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेली.

कापडाला आवाज असतो असं तू म्हणायचीस. मी कधी ऐकला नव्हता, कारण तेव्हा मी बोलत असायचो.

ती खुर्ची मी काढून टाकली. मग परत ठेवली आणि त्यात जरा वेळ बसलो.

काडेपेटी (ओली)


२९ मार्च

टाचणी!

माफ कर. टाचणी.

तुझं पत्र या वेळी कात्रीने, कडेकडेने उघडलं. तू स्वतः इस्त्रीबाईंच्या खोलीत गेलीस? दार लावून? आणि त्या तुला काय म्हणाल्या, तू त्यांना काय म्हणालीस, यातलं काहीही न लिहिता सरळ निकाल लिहितेस? ही शिक्षा आहे का? असू दे, भोगतो.

तर निकाल मला समजला तो असा. मोठ्या रॅम्पवर तू नाहीस. तुला शिवणवर्गाची खोली मिळेल, दुपारी एक तास. त्यात पटलं तर पास, नाही पटलं तर शेवटचं वर्ष पुन्हा. आणि हे तू कबूल करून आलीस. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर 'डोकं फिरलंय का' म्हणाला असता. मीही म्हणालोच असतो, पण तेवढ्यात खालचं वाचलं.

"तू 'खुर्चीत बसव' म्हणालास ते अर्धंच होतं. मुलींना बसवून काय उपयोग? त्या तासाभरात उठून जाणार. ज्यांच्यासाठी शिवलंय त्यांनाच बसवणार आहे, ज्याच्या त्याच्या खुर्चीत, ज्याचं त्याचं काम करत. आणि बघणाऱ्यांना खुर्च्या नाहीत. बसणाऱ्याचा कपडा काय असतो ते जरा उभं राहून, पाय दुखल्यावर कळू दे."

हे मला सुचलं नव्हतं. लिहायला जड जातंय, पण नव्हतं सुचलं. मी दिवसभर खुर्च्या उचलतो आणि बघणाऱ्यांच्या खुर्च्या काढून घ्याव्यात हे माझ्या टाळक्यात आलं नाही. रॅम्पवर कपडे चालतात आणि माणसं बसतात. पुतळ्यांत कपडे उभे आणि माणसं फिरतात. तू सगळा डावच उलटवलास. आता अवघडायची पाळी बघणाऱ्यांची.

तुझ्या अटी मान्य. खुर्च्या मी आणायच्या. शो चालू असताना एक शब्द बोलायचा नाही. कुणी काही म्हटलं तरी नाही. 'पोतं' म्हटलं तरी नाही. (हे वाचून हात शिवशिवले. तरी मान्य.)

तू पाठवलेल्या यादीतल्या खुर्च्यांचं असं आहे. तुझी आत्या चौकशीच्या खिडकीमागे बसते, तिला तसंच उंच स्टूल मिळालं. टेलिफोनवाल्या काकांना फिरती खुर्ची, शिंप्याला त्याचा पाट. बाकीच्यांचं जमतंय. घोडं अडलं होतं बाबांच्या सीटपाशी. शेवटी भंगारात मोडलेली बस सापडली. भंगारवाला म्हणाला, "चालकाची सीट एकटी देत नाही. मागची दोघांची पण उचल, माझी जागा अडलीये." म्हणून ती दोघांची सीटही गळ्यात पडलीये. तिचं काय करायचं ते बघू.

शिट्टीकाकूंना टेम्पो मागितला. म्हणाल्या, "ने. मी पण येते. मुलगी काय करते ते आता बघायलाच हवं."

काडेपेटी


२१ एप्रिल

टाचणी,

काल तू आतल्या खोलीत इस्त्रीच्या टेबलाखाली बसून होतीस, असं तुझी आत्या सांगत होती. "पोरगी वाघासारखी बाईंशी भांडली आणि आता टेबलाखाली!" तेव्हा बाहेर काय झालं ते तू बघितलेलं नाहीस. मी बघितलं. शब्द न बोलता बघितलं, त्यामुळे पहिल्यांदाच सगळं दिसलं. ते सांगतो.

लोक आले आणि आधी खुर्च्या शोधायला लागले. माझ्याकडे रागाने बघितलं गेलं. बाहेरून आलेल्या एका सरांनी विचारलं, "अहो, बसायचं कुठे?" मी हात जोडले. त्यांना वाटलं मी मुका आहे. मग पुढे माझ्याशी फार प्रेमाने वागले.

तुझी माणसं आपापल्या जागी. आत्या स्टुलावर बसून खरोखर चौकश्यांना उत्तरं देत होती. "पाणी उजवीकडे, बाथरूम डावीकडे, आणि हा खिसा आडवा आहे कारण बसल्यावर उभ्या खिशातलं सगळं सांडतं, पुढचे या!" लोकांना आधी अवघडल्यासारखं झालं, मग रांग लागली. शिंपी काजं करत होता, मान वर केली नाही. शिट्टीकाकू कोपऱ्यात. शिट्टी तोंडापर्यंत नेली आणि खिशात टाकली.

आणि बाबा. पहाटेची पाळी करून थेट आले होते. करडा शर्ट, हातात मी फळीला ठोकून दिलेलं स्टिअरिंग. पहिल्यांदा फार लाजले. "मी काय करू इथे?" म्हणत होते. मग जरा रेलले, मग खिडकीबाहेर बघितलं, आणि बघता बघता डोळे मिटले.

टाचणी, तुझे बाबा तुझ्या परीक्षेत झोपले.

उठवू? पण उठवायचं तर हाक मारावी लागणार. तेवढ्यात इस्त्रीबाई तिकडे वळल्या. खट खट खट, त्या टाचा तुला माहीत आहेत. बाबांपाशी येऊन थांबल्या. एका सरांनी काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं, तर बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

मग त्यांनी काय केलं असेल? वाकल्या, चपला काढल्या, हातात घेतल्या. आणि अनवाणी बाबांच्या भोवती फिरल्या. एकदा पुढून, मग बाजूने, मग मागे जाऊन खाली वाकून बराच वेळ. बाबा झोपेत पार पुढे कलले होते, स्टिअरिंगवर मान टाकून. शर्ट मागून जराही सुटलेला नव्हता. पोटाशी चुणी नाही. अख्खी खोली कुजबुजत होती. एवढी माणसं उभी, पाय बदलत, आणि त्या सगळ्यांत आरामात एकटा तो शर्ट.

बाई माझ्याकडे आल्या. ओळखलं त्यांनी मला. न ओळखायला मी काय कमी घसा फोडलाय? हळू आवाजात विचारलं, "मागची लांबी किती वाढवली आहे?"

मला माहीत होतं. बोटाबोटाने माहीत होतं. कॅंटीनच्या टेबलावर तू टाचण्या लावून दाखवलं होतंस. का वाढवली, कुठून गोलाई दिली, तेही माहीत होतं. उत्तर अगदी दातांच्या मागे येऊन उभं होतं.

मी आतल्या खोलीच्या दाराकडे बोट दाखवलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. चपला हातातच घेऊन आत गेल्या. तेवढ्यात बाबा दचकून जागे झाले आणि म्हणाले, "शेवटचा थांबा?" आत्या म्हणाली, "झोप दादा, अजून आहे."

आतलं मला माहीत नाही. तू पास झालीस एवढं रात्री आत्याने कळवलं, पण टेबलाखालून बाहेर कशी आलीस, बाईंना काय सांगितलंस, मागची लांबी सांगताना तुझ्या तोंडात टाचण्या होत्या की नव्हत्या, हे मला तुझ्याकडूनच ऐकायचंय. पत्रात लिही, नाहीतर फोनवर सांग. शिट्टीकाकूंनी परतीच्या वाटेवर टेम्पोत एवढंच विचारलं, "मुलगी बरंच काही करते. तू काय करणार?" मी म्हटलं, जूनमध्ये राहिलेल्या वर्षासाठी इस्त्रीबाईंसमोर जाऊन उभा राहीन. त्या म्हणाल्या, "उभाच राहा. बोलू नकोस."

सगळ्या खुर्च्या ज्याच्या त्याला परत केल्या. ती बसमधली दोघांची सीट कुणाचीच नव्हती, म्हणून गोदामाच्या दारात ठेवलीये. तिच्यावरच बसून हे लिहितोय. शेजारच्या जागेवर सध्या हातोडा आणि खिळ्यांचा डबा आहे.

ते उचलायला वेळ लागणार नाही.

तुझा,
काडेपेटी